गिट्टीवाले काका आणि साठ किलो चिवडा

झाशीत नगरा म्हणून रेल्वेवाल्यांची वस्ती आहे. आमच्या या नगऱ्यात सुभाषचंद्र काकांना त्यांच्या नावानं कोणी हाक मारत नाही. पोस्टमन ‘गिट्टीवाले बाबूजी’ म्हणतो, दूधवाला ‘गिट्टीवाले दद्दा’ म्हणतो आणि त्यांची बायको इंदू काकू ‘अहो’ म्हणते. पण त्या ‘अहो’च्या चाली वेगवेगळ्या आहेत. छोटा ‘अहो’ म्हणजे चहा झालाय. शेपूट ओढलेला ‘अहोऽऽ’ म्हणजे कुणी तरी आलंय, बनियनवर बाहेर येऊ नका. आणि एक खालच्या पट्टीतला, सावकाश, पूर्णविरामासकट म्हटलेला ‘अहो.’ आहे. तो मी आजवर एकदाच ऐकला, आणि तो कसा ऐकायला मिळाला तेच सांगायचं आहे.

काका रेल्वेत होते. रुळांखाली जी खडी पसरलेली असते तिला झाशीत मराठी घरांतसुद्धा गिट्टीच म्हणतात. ती गिट्टी तपासून पास करायचं काम काकांनी एकतीस वर्षं केलं. क्रशरवरून डंपर यायचे, डेपोत गिट्टीचे ढीग पडायचे आणि ठेकेदाराचा माणूस हात जोडून म्हणायचा, “बाबूजी, इधर से देख लीजिए, एक नंबर माल है.” काका आयुष्यात कधी ‘इधर से’ बघायला गेले नाहीत.

“का माहितीय?” असं काका विचारतात आणि आपण ‘का’ म्हणायच्या आत घसा साफ करतात. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘समजा’ला टेकून उभं असतं. “आता हा समजा ढीग आहे,” असं ते खऱ्याखुऱ्या ढिगासमोर उभं राहूनही म्हणतात. “वरून एकाच जागी माल ओतला की समजा ढिगाला उतार येतो. मोठा दगड त्या उतारावर थांबत नाही. त्याला अडवायला तेवढी खाच नको का? तो आपला लोळत लोळत पायथ्याशी. आणि बारीक जो आहे, तो समजा मोठ्यांच्या फटीतून आत शिरतो आणि ढिगाच्या पोटात जाऊन बसतो. म्हणजे पायथा बघितला तर माल राजासारखा आणि पोट उकरलं तर भुकटी. माल तोच. ट्रकमध्ये सगळा एकत्र होता. ओतला आणि आपापल्या मापानं वेगळा झाला.”

म्हणून काका ढिगावर चढायचे. शेंड्याजवळ, कमरेजवळ, पायथ्याजवळ, असं सगळीकडे कोपरभर उकरून थोडं थोडं घ्यायचे. ते सगळं कालवायचं, चपटं करायचं, फावड्यानं त्याच्या चार फाका करायच्या. समोरासमोरच्या दोन टाकून द्यायच्या, उरलेल्या दोन पुन्हा कालवायच्या, पुन्हा चार फाका. याला ते ‘चौथाई’ म्हणतात. चौथाई करत करत शेवटी घमेलंभर गिट्टी उरली की ती चाळण्यांवर. त्या घमेल्यात अख्खा ढीग असतो, असं त्यांचं म्हणणं.

चार वर्षांपूर्वी ते रिटायर झाले. गिट्टी सुटली, ढीग सुटले नाहीत. सीपरी बाजारात मटार घ्यायचा तर ते पायथ्याचा घेत नाहीत, पोटातला उकरतात. एकदा मी बरोबर होते. भाजीवाली बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “काए बाबूजी, मटर ले रए कै कुआँ खोद रए?”

“देखो बाई, बड़ी फली किनारे आ जाती है. सैंपल बीच का होना चाहिए.”

“हओ. तो सैंपलई ले जाओ, मटर और कोऊ खों दे दें.” म्हणजे सँपलच घेऊन जा, मटार दुसऱ्या कुणाला देते.

घरी येताना काका मला म्हणाले, “बाई हुशार आहे. समजा रेल्वेत असती तर...” पुढचं वाक्य ऑटोच्या आवाजात गेलं.

आता इंदू काकू. काकूंचा पातळ पोह्यांचा चिवडा झाशीभर ठाऊक आहे. आमच्या मराठी मंडळाचा वर्धापनदिन नोव्हेंबरात असतो. कार्यक्रम झाला की प्रत्येक घराला चिवड्याचं एक पाकीट मिळतं, आणि तो चिवडा एकोणीस वर्षं काकूंच्या हातचा. लोक भाषणं सुरू असतानाच पाकिटांकडे बघत असतात. काकूंना गाता येत नाही, भाषण येत नाही, मंडळाच्या नाटकात त्या एकदाही उभ्या राहिल्या नाहीत. चिवडा हीच त्यांची मंडळातली खुर्ची.

मंडळात दोन तऱ्हेचे मराठी लोक आहेत हे इथे सांगायला हवं. एक आम्ही रेल्वेवाले, नगऱ्यातले. कुणाचे आजोबा भुसावळहून आले, कुणाचे वडील दौंडहून. दुसरे ओरछा गेटकडचे जुने. ते अडीचशे वर्षांपासून इथे आहेत आणि ते दर दहा मिनिटांनी सांगतात. कार्यक्रम चारचा असेल तर रेल्वेवाले पावणेचारला हजर असतात, आणि जुने लोक सहाला येऊन विचारतात, “अजून सुरूच आहे?”

गेल्या वर्षी घोटाळा झाला. तोवर नगऱ्याचं आणि ओरछा गेटचं पाकीट कुणी शेजारी ठेवून बघितलं नव्हतं. वर्धापनदिनाच्या दुसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन फोटो आले. एका ताटलीत नगऱ्यातल्या एका घरचा चिवडा: दाणे, खोबऱ्याचे काप, डाळं, मधेमधे पोहे. दुसऱ्या ताटलीत ओरछा गेटचा: पिवळी भुकटी, तिखट, एक दाणा. खाली फक्त लिहिलं होतं, ‘नमस्कार. चिवडा मिळाला.’

मग या ऑक्टोबरात मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष मार्तंडराव प्रत्येक वाक्य पायऱ्या उतरल्यासारखं बोलतात. “आता... विषय... असा आहे... की चिवडा.”

ओरछा गेटच्या अरुंधतीबाई तयारीनंच आल्या होत्या. त्या सत्तरीच्या आहेत, पदर कायम दोन्ही खांद्यांवरून, आवाज पितळी भांड्यासारखा. “इंदूबाई, राग मानू नका हो. पण आमच्या पुड्यात दाणा शोधायला दिवा लावावा लागला. आमच्या नातवानं एक चमचा तोंडात घातला आणि मोड़ा अंगणभर पळत सुटला.”

“एकाच ढिगातून भरलीत सगळी पाकिटं,” काकू म्हणाल्या. “मी कुणाचं वेगळं केलं नाही.”

“असं होय. मग ढिगालाच कळलं म्हणायचं, कोण नगऱ्याचं आणि कोण ओरछा गेटचं.”

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. आणि नेमके तेव्हाच मागच्या रांगेतून काका उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, “समजा, ढिगाला कळतं.”

यावर जो हशा झाला त्यात पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. शेवटी मार्तंडराव शेवटची पायरी उतरले: या वर्षी चिवडा इंदूबाईंचाच, पण पुन्हा तक्रार आली तर पुढच्या वर्षीपासून हलवायाकडून दालमोठीची, म्हणजे तळलेल्या डाळ-शेवेची, पाकिटं घ्यायची.

दालमोठ. मी त्यांची शेजारीण, त्याच ऑटोनं घरी आले. दार उघडताना काकू म्हणाल्या, “लोकांना वाटतंय मी माणसं बघून दाणे वाटले.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे वाटी परत द्यायला गेले तेव्हा काका जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसले होते. हातात चिवड्याचा डबा. काकू पोळ्या लाटत होत्या आणि मुद्दाम तिकडे बघत नव्हत्या.

“इंदू, एक मिनिट बघ. गेल्या वर्षी चिवडा गार करायला तू कुठं ओतलास?”

“हॉलमध्ये चादरीवर. मधोमध. दर वर्षी तसाच ओतते.”

“मधोमध.” काकांनी डबा उंच धरला आणि सावकाश एकाच जागी ओतायला लागले. टेकडी झाली, टेकडी वाढली. दाणे टपटप उड्या मारत उतरले आणि कागदाच्या कडेला येऊन थांबले. मागून डाळं आलं, खोबरं आलं. पोहे मात्र जिथं पडले तिथंच बसले. काकांनी टेकडी सुरीनं मधोमध कापली आणि अर्धी बाजूला केली. आत पिवळा गाभा होता: चुरा, तिखट, मीठ, पिठीसाखर.

लाटणं थांबलं.

“पाकिटं भरणाऱ्या बायका कुठं बसल्या होत्या?” काकांनी विचारलं.

“ढिगाभोवती,” काकू म्हणाल्या. “कडेनं भरत भरत आत...”

“पहिली पाकिटं कडेची. शेवटची पोटातली. पहिली कुणाला मिळाली? चारला येऊन पुढे बसलेल्यांना. शेवटची सहाला येऊन मागे बसलेल्यांना. समजा यात कुणाचा दोष?”

काकू उकिडव्या बसल्या. एक दाणा उचलून त्यांनी टेकडीच्या टोकावर ठेवला. तो खाली आला. पुन्हा ठेवला. पुन्हा आला.

“मी तर भरायच्या आधी परातही हलवून घेते,” त्या म्हणाल्या. “सगळं मिसळावं म्हणून.”

“हलवलंस की चुरा आणखी खाली जातो. डबा हलवून चिवडा वाढतात ना आपल्याकडे घरोघरी, सगळं उलटं. तळाला तिखट साठतं ते त्यानंच.”

“हे तुम्ही गेल्या वर्षी का नाही बोललात?”

“एकतीस वर्षं बोलतोय. तू म्हणायचीस, जेवताना गिट्टी नको.”

खरं होतं. काकूंनी कबूल केलं नाही, पण काकांच्या पानात त्या दिवशी पोळीवर तूप जरा जास्त पडलं, हे मी बघितलं.

वर्धापनदिनाच्या दोन दिवस आधी मंडळाच्या हॉलमध्ये काम सुरू झालं. साठ किलो चिवडा, तीनशे पाकिटं. नगऱ्यातल्या सात-आठ बायका पोहे भाजत होत्या, मी पिशव्या मोजून ठेवत होते. पहिला दहा किलोचा घाणा मिसळून तयार झाला तेव्हा काका आले. पांढरा सदरा, आणि हातात कापडात गुंडाळलेलं नवं कोरं फावडं.

“तीनदा उकळत्या पाण्यानं धुतलंय,” त्यांनी जाहीर केलं. “आता समजा चौथाई करू. एकेक पाकीट असं भरेल की त्यात अख्खा ढीग असेल.”

काकूंनी एक क्षण विचार केला. वर्तमानपत्रावरची टेकडी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. त्या म्हणाल्या, “करा.”

काकांनी बाह्या सरसावल्या आणि मला तेव्हा कळलं की चार वर्षं या माणसाला काय करावंसं वाटत होतं. फावडं काय सुंदर चालत होतं. कालव, चपटं कर, चार फाका. समोरच्या दोन इकडे, या दोन कालव. पुन्हा फाका. बायका काम सोडून बघत उभ्या राहिल्या. कुणीतरी म्हणालं, “काकाजी, एकदम मशीन.” काका आणखी रंगात आले. सातव्यांदा कालवून झालं आणि त्यांनी फावडं टेकवून अभिमानानं बाजूला होऊन दाखवलं.

चादरीवर पोहे नव्हते. दाणे होते, खोबरं होतं, आणि रवा म्हणता येईल असं काहीतरी होतं.

“अहो.”

हाच तो. खालच्या पट्टीतला, सावकाश. हॉलमधले पंखेसुद्धा दबकून फिरल्यासारखे वाटले.

“अहो, गिट्टी फावड्यानं मोडत नाही. पोहे मोडतात.”

काका खाली वाकले. चिमूटभर चुरा बोटांत घेतला, चोळला, उजेडात धरला. डेपोत बघायचे तसाच. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, “बारीक वाढलं. माल... नापास.”

पहिल्यांदा कोण हसलं ते माहीत नाही, पण काकूंना हसू आवरेना आणि मग कुणालाच आवरेना. त्या दहा किलोत कांदा, लिंबू, कोथिंबीर घालून बायकांनी तिथंच भेळ केली. घरी न्यायला डबेही भरले. काका कोपऱ्यात खुर्चीवर बसून राहिले. भेळेची बशी त्यांच्या हातात तशीच होती.

हसणं ओसरलं तरी गोष्ट तिथंच होती. दहा किलो पुन्हा करायचा होता, पन्नास व्हायचा होता, आणि मिसळून ओतला की दाणे पळणार होते. न मिसळता तर चिवडा होत नाही. काकू काकांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“गिट्टी वेगळी होऊ नये म्हणून काय करायचे तुम्ही? फावडं सोडून सांगा.”

“उंचावरून एका जागी ओतू द्यायचो नाही,” काका बशीकडे बघत म्हणाले. “चालत चालत पसरायला लावायचो. पातळ थर. उतारच नाही तर लोळणार कुठून?”

“म्हणजे ढीगच होऊ द्यायचा नाही.”

“समजा, हो.”

“मग पोहे पातळ पसरायचे. आणि दाणे, खोबरं, डाळं त्यात घालायचंच नाही. वेगवेगळ्या परातींत ठेवायचं. पाकिटात आधी पोहे, मग वरून प्रत्येकात तेवढंच माप.”

काकांनी मान वर केली. “ज्यांना वेगळं व्हायचंच आहे त्यांना आधीच वेगळं ठेवायचं,” ते म्हणाले, आणि त्यांनी भेळेचा पहिला घास घेतला.

पण काकूंचं संपलं नव्हतं. त्यांनी पदराला हात पुसले, फोन उचलला आणि सरळ अरुंधतीबाईंना लावला. स्पीकरवर, कारण हात तेलकट होते.

“अरुंधतीबाई, इंदू बोलतेय. उद्या सकाळी हॉलवर याल का? दाणे तुम्ही घालायचे.”

“मी?” पितळी आवाज जरा वाजला. “का हो, नगऱ्यात हात कमी पडले?”

“हात आहेत. विश्वास कमी पडलाय. पोहे आम्ही भरतो, दाणे तुमच्या हातानं जाऊ देत. तुमच्या बरोबरीच्या दोघीचौघींना आणा.”

पलीकडे त्यांनी कुणाला तरी थर्मास काढायला सांगितल्याचं ऐकू आलं. मग, “चहा आम्ही आमचा आणू. तुमचा पांचट असतो.”

सकाळी दहा म्हटलं होतं. अरुंधतीबाई पावणेदहाला आल्या. बरोबर चौघी जणी, थर्मास, आणि रुमालात बांधलेलं एक छोटंसं पितळी माप. “हे निळवं,” त्यांनी मला दाखवलं. “शेराचा सोळावा भाग. आमच्याकडे अजून यानंच घालतात सगळं.”

हॉलभर चादरींवर पोह्यांचा पातळ थर होता. काकूंनी तो चालत चालत पसरवला होता आणि काका मागून चालत ‘इथं उंचवटा, इथं उंचवटा’ करत होते. एका बाजूला नगऱ्याच्या बायका पाकिटात पोहे भरून पुढे सरकवत होत्या, दुसऱ्या बाजूला ओरछा गेटच्या बायका दाणे, खोबरं, डाळं घालत होत्या. शेवटी मी मेणबत्तीवर पिशव्यांची तोंडं चिकटवत होते. पहिलं पाकीट अरुंधतीबाईंपाशी गेलं आणि लगेच वाद झाला.

“शीग लावून घाला ना, अरुंधतीबाई,” नगऱ्याकडून आवाज आला. “कंजूसी कशाला?”

“शीग नको,” काका धावत आले. “मापावर जी शीग चढते ती समजा ढीगच. कधी चार दाणे जास्त, कधी सहा घसरले. बोट फिरवून सपाट करा.”

अरुंधतीबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “अहो सुभाषचंद्र, आमच्या घरात सात पिढ्या मापं भरतायत. सपाटच भरते मी.” आणि निळव्यावरून बोट असं फिरवलं की एक दाणा कमी नाही, एक जास्त नाही. काका त्या बोटाकडे बघतच राहिले.

“एकदम पास,” ते हळूच म्हणाले.

दीडशे पाकिटं होईपर्यंत अरुंधतीबाईंनी नगऱ्यातल्या निम्म्या सुनांची माहेरं विचारून घेतली होती. दोनशेव्या पाकिटाला त्यांचा खांदा भरून आला. काकूंनी शेजारी बसून त्यांच्या हाताखाली उशी सरकवली, पण निळवं त्यांनी सोडलं नाही. थर्मासमधला चहा मात्र सगळ्यांना दिला. काकू एक घोट घेऊन म्हणाल्या, “आलं जास्त झालंय,” आणि दुसरा कप मागितला.

वर्धापनदिन आला. रेल्वेवाले पावणेचारला, जुने लोक सहाला, तिथं काही बदललं नाही. काकू दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. भाषणं सुरू होती आणि त्या साडीच्या काठाची घडी घालत होत्या, मोडत होत्या. शेवटी मार्तंडराव उभे राहिले. “आता... कोणाच्या मनात... काही राहू नये... म्हणून.” त्यांनी पहिल्या खोक्यातलं सगळ्यात वरचं पाकीट घेतलं आणि शेवटच्या खोक्यातलं सगळ्यात खालचं. दोन ताटल्या मागवल्या. दोन्ही पाकिटं कापली. आणि सगळ्या सभेसमोर, चष्मा कपाळावर चढवून, दाणे मोजायला बसले.

काका ओठांतल्या ओठांत बरोबरीनं मोजत होते.

“पहिल्यात... बेचाळीस.”

मार्तंडराव दुसऱ्या ताटलीकडे वळले.

“शेवटच्यात... एक्केचाळीस.”

ओरछा गेटच्या बाजूनं एका काकांचा आवाज आला, “एक कमी निघाला बरं का. शेवटच्यातच.”

काकूंची घडी हातातच राहिली. सुभाषचंद्र काकांनी ‘समजा’ म्हणायला तोंड उघडलं. पण त्याच्या आधी त्या बाजूनंच पितळी आवाज आला.

“तो मी खाल्ला,” अरुंधतीबाई म्हणाल्या. “तीनशे पाकिटं भरली, एक दाणा खाल्ला. कुणाला हिशोब हवा असेल तर घरी या.”

नगऱ्याकडून टाळी वाजली, मग दोन्हीकडून वाजली. मार्तंडराव वहीत लिहू लागले आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले, “पुढच्या वर्षी... चिवडा... इंदूबाई. दालमोठ... रद्द.”

“माझी एक अट आहे,” इंदू काकू उभ्या राहिल्या. एकोणीस वर्षांत वर्धापनदिनाच्या सभेत त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. “दाणे अरुंधतीबाईंनीच घालायचे.”

“घालीन,” अरुंधतीबाई म्हणाल्या. “पण कढीपत्ता तुम्ही फार करपवता हो.”

आता काय होतंय म्हणून मी काकूंकडे बघितलं. त्यांच्या चिवड्याला आजवर तोंडावर कुणी नाव ठेवलं नव्हतं. काकू पदर खोचत म्हणाल्या, “तर तोही तुम्हीच तळा. आदल्या दिवशी या, मुक्कामालाच या.”

मार्तंडरावांनी तेही लिहून घेतलं.